इंग्रजी येत नाही, म्हणजे नेमकं काय येत नाही?

तेल्या पडलेलं डाळिंब मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका विद्यार्थिनीच्या हातात. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून आणलं होतं तिनं. सालीवर काळपट तेलकट डाग होते आणि एका डागातून चीर फुटलेली होती. "मॅडम, ही चीर बघा. इंग्रजी वायसारखी जाते, नाहीतर एलसारखी. अशी दिसली की समजायचं, तेल्याच हाय." एम.एस्सी. बॉटनी झालेली मुलगी. घरची दीड एकर डाळिंबाची बाग सांगोल्याकडे. लहानपणापासून तिनं वडिलांना डागाळलेली फळं वेचून बागेबाहेर नेऊन जाळताना पाहिलंय. ज्या जिवाणूमुळे हा रोग होतो त्याचं झँथोमोनास हे नाव ती एका दमात घेते.

आठवडाभर आधी ती एका मोठ्या शहरातल्या संस्थेत पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखतीला जाऊन आली होती. समोर चार माणसं. त्यातल्या एकांनी इंग्रजीतून विचारलं, हा रोग शेतात ओळखायचा कसा? चार माणसांत बहुधा हिच्याइतका तेल्या कोणी पाहिलेला नसेल. तिनं जिवाणूचं नाव सांगितलं, मग 'सर, इट इज... स्पॉट...' म्हणाली आणि थांबली. ती थांबली तशी खोलीही थांबली. कोणीतरी म्हणालं, हिंदीत सांगा. पण तोवर घसा कोरडा पडला होता, हिंदीही सुचेना. सात मिनिटांत ती बाहेर आली. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकवून तिनं तेच उत्तर मनात पूर्ण दिलं. इंग्रजीतून दिलं, असं ती म्हणाली. मी म्हटलं, मग तिथं का नाही दिलंस? तर म्हणाली, "आलंच नाही ओ मॅडम तोंडातनं. मला इंग्रजी येतच नाही ना."

तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. जूनमध्ये पहिल्या तासाला उभी राहिले की हे वाक्य ऐकू येतं आणि मार्चमध्ये परीक्षेच्या तोंडावरही हेच. इतकी वर्षं मी ते ऐकून घेत होते. त्या दिवशी हातात ते डाळिंब घेऊन बसले आणि प्रथमच त्या वाक्याच्या आत शिरावंसं वाटलं. इंग्रजी येत नाही, म्हणजे नेमकं काय येत नाही?

आपल्या मराठीत भाषा येते. पोहायला येतं, भाकरी थापता येते, तसं. 'मला इंग्रजी येतं' या वाक्यात कर्ता इंग्रजी आहे आणि मी नुसता 'मला' आहे, पाहुण्याची वाट बघत ओट्यावर बसलेला. पाहुणा आला तर आला. नाही आला तर आपण काय करणार? शिवाय इंग्रजीबद्दल बोलायचे आपले बाकीचे शब्द पाहा. कुणाचं इंग्रजी कच्चं असतं, कुणाचं पक्कं. आणि जो बोलतो तो फाडफाड बोलतो. स्टँडसमोरच्या क्लासच्या पाटीवर तेच लिहिलेलं असतं: तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी. हळू, थांबत, शब्द शोधत, चुकत पण समजेल असं इंग्रजी बोलण्यासाठी आपल्याकडे शब्दच नाही. आणि आमच्या मुलांना आयुष्यात लागणार आहे ते नेमकं तेवढंच.

मी तिला विचारलं, बी.एस्सी. आणि एम.एस्सी. धरून पाच वर्षांत तू तोंडानं इंग्रजी किती मिनिटं बोललीस? पाठ केलेलं धरायचं नाही. ती बोटं मोजायला लागली. दरवर्षीचा सेमिनार पाठ केलेला, तो गेला. प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत 'येस सर', 'नो सर'. एकदा कॉन्फरन्सला आलेल्या पाहुण्यांना हॉल दाखवला होता, ते एक वाक्य. शेवटी तिनं बोटं मिटली. पाच वर्षं ती इंग्रजीतून शिकली, इंग्रजीत तीन-तीन तासांचे पेपर लिहिले, आणि बोलली काही मिनिटंच. सायकलबद्दल सतरा पुस्तकं वाचलेल्या माणसाला भर रस्त्यात सायकल देऊन 'चालव' म्हणण्यासारखं झालं हे.

माझी पिढी पाचवीत ए-बी-सी-डी शिकली. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हा आम्हा सगळ्या इंग्रजीच्या शिक्षकांना वाटलं होतं, आता दहा-बारा वर्षांत कॉलेजात येणारी मुलं वेगळी असतील. ती थोडी वेगळी आहेतही. फोनवरचं इंग्रजी वाचतात, क्रिकेटचं समालोचन समजून घेतात, स्पेलिंगला आमच्याइतकी भीत नाहीत. पण बोलायचं म्हटलं की तोच कोरडा घसा.

यातला एक मोठा घाव बसतो तो अकरावीत, आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं. दहावीपर्यंत मूल मराठीतून विज्ञान शिकतं. पेशी, तंतुकणिका, हरितलवक, परासरण, जडत्व, संप्लवन. गणितात लसावि आणि मसावि. सेमी-इंग्रजीवाल्यांचं जरा बरं असतं, पण खेड्यातल्या सगळ्या शाळांत सेमी नाही. दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात, अकरावी सायन्सला नाव घातलं जातं, आणि त्या दोन महिन्यांत पोरानं दहा वर्षांत जमवलेला शब्दांचा सगळा ऐवज बाद होतो. पेशीची सेल झाली, तंतुकणिकेचं मायटोकॉन्ड्रिया झालं. ज्याला वर्गात सगळं कळत होतं त्याला अचानक काही कळेनासं होतं, आणि तो धरून चालतो की आपली बुद्धीच कमी पडली. कोणी त्याला सांगत नाही की बाबा, तुला सगळं माहीत आहे, फक्त पाट्या बदलल्यात.

एकदा मी फळ्यावर 'प्रकाशसंश्लेषण' लिहून त्याचे दोन तुकडे केले. खाली 'फोटोसिंथेसिस'चे दोन तुकडे केले. फोटो म्हणजे प्रकाश, सिंथेसिस म्हणजे संश्लेषण. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाची मुलं होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा नकळत मोठ्यानं म्हणाला, "आयला, तेच की ते!" पाच वर्षं हे दोन शब्द त्याच्या डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहत होते, मधलं दार कोणी उघडून दिलं नव्हतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

दरवर्षी २७ फेब्रुवारीला आमच्याकडे मराठी भाषा गौरव दिन होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतरच्या कार्यक्रमात एक सहकारी मला म्हणाले, तुम्ही इंग्रजीवाल्या, तुम्ही या दिवशी काय बोलणार? मी त्यांना 'दर्पण'ची आठवण दिली. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मराठीतलं पहिलं वृत्तपत्र काढलं. त्याच्या पानावर शेजारी शेजारी दोन रकाने असायचे, एक मराठी आणि एक इंग्रजी. मजकूर तोच. पोंभुर्ल्याहून मुंबईला आलेल्या त्या विशीतल्या माणसाला दोन्ही भाषा एकाच पानावर नांदवायला अडचण वाटली नाही. 'दर्पण' १८४० मध्ये बंद पडला. पण मला वाटतं, मराठी मुलाला इंग्रजी कसं द्यावं याचा धडा त्या पानाच्या मांडणीतच होता आणि आपण तो सोडून दिला. वर्गात 'ओन्ली इंग्लिश' अशी पाटी लावायला लागलो. मराठीचा रकाना झाकून टाकला की इंग्रजीचा आपोआप भरेल, असं धरून चाललो. तो भरला नाही. मुलं दोन्हीकडे गप्प झाली.

मीही अशीच गप्प झाले होते. एम.ए.ला शहरात गेले तेव्हा पहिल्याच चर्चेत माझा एक उच्चार चुकला. वर्गात हशा पिकला. कोणी वाईट माणसं नव्हती ती, तरुण मुलं होती, हसली. पण मी पुढचं दीड वर्ष वर्गात तोंड उघडलं नाही. घरी आजोबांच्या तर्खडकरी पाठमालेवर इंग्रजी शिकले होते मी. भाषांतर बिनचूक करायचे, पण बोलताना प्रत्येक वाक्य आधी मनात लिहून काढायचे, आणि ते लिहून होईपर्यंत चर्चा पुढे गेलेली असायची. मला त्यातून बाहेर काढलं ते आमच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी. त्या रोज संध्याकाळी व्हरांड्यात बसलेल्या असत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मुलीला इंग्रजीतून एकच प्रश्न विचारत, आज काय वाचलंस? आणि मग थांबत. खरंच थांबत. घड्याळाकडे बघत नसत, मधेच वाक्य पुरं करून देत नसत, चूक दुरुस्त करत नसत. माझं पहिलं उत्तर तीन शब्दांचं होतं. वर्षअखेरीस मी त्यांना एका कादंबरीबद्दल वीस मिनिटं सांगितलं. त्यांनी मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. त्यांनी ऐकलं, एवढंच.

कॅनडात जिम कमिन्स नावाच्या अभ्यासकांनी १९७९ च्या सुमारास एक फरक दाखवून दिला, तो मला रोज उपयोगी पडतो. परदेशातून आलेली मुलं खेळायची, दुकानातली, मैत्रीची भाषा साधारण दोन वर्षांत उचलतात. पण अभ्यासाची भाषा, म्हणजे कारण देणं, तुलना करणं, व्याख्या सांगणं, वाद घालणं, ही यायला पाच ते सात वर्षं लागतात. हे त्या मुलांबद्दल, ज्यांच्या भोवती दिवसभर इंग्रजी आहे. आमच्या मुलांची गंमत उलटी. त्यांच्याकडे अभ्यासाच्या इंग्रजीचे तुकडे आहेत आणि मैत्रीचं इंग्रजी अजिबात नाही. झँथोमोनास येतं, पण 'डाग तेलकट दिसतात' हे येत नाही. म्हणजे वरचा मजला बांधलाय आणि जिना नाही.

त्या डाळिंबानंतर मी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चार ते पाच असा एक तास सुरू केला. पाचच का, तर सव्वापाचला खेड्यांकडची एसटी. ती चुकली तर मुलींना घरी बोलणी बसतात आणि मग दुसऱ्या दिवशीपासून तास बंद. कसलाही उपक्रम ठरवताना एसटीचं वेळापत्रक आधी बघावं, हे मला फार उशिरा कळलं.

सुरुवात मी चुकीची केली, ते सांगायला हवं. पहिले तीन आठवडे काळाचे तक्ते लावले. साधा वर्तमान, चालू वर्तमान, पूर्ण वर्तमान. तीस मुलं आली होती, नऊ उरली. त्यांचं बरोबरच होतं. तक्ते त्यांनी पाचवीपासून पाहिले होते. मग मला आठवला तो प्रभूंचा प्रयोग. एन. एस. प्रभूंनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रासकडच्या साध्या शाळांमध्ये इंग्रजी शिकवताना व्याकरणाचे धडे बाजूला ठेवले आणि मुलांना कोडी दिली. नकाशा बघून वाट सांगा. रेल्वेचं वेळापत्रक बघून गाडी ठरवा. मुलं उत्तराच्या मागे लागायची आणि भाषा त्यांच्या मागून यायची. ही गोष्ट आपल्याच देशात घडली आणि जगभरचे भाषाशिक्षक ती अभ्यासतात, पण आमच्या कॉलेजांच्या वर्गात ती पोचलेली नाही.

मी स्टँडवर गेले, वेळापत्रकाच्या फलकाचा फोटो काढला आणि तो मुलांना दिला. मिरजेला सकाळी नऊ वाजता मुलाखत आहे, आदल्या रात्री मुक्काम करायचा नाही, कसं जाल? इंग्रजीतून ठरवा, अडलात तर मराठी वापरा, पण शेवटी मला इंग्रजीतून सांगा. पाच मिनिटांत वर्गात बाजार भरला. 'नो नो, दॅट बस इज लेट ऑलवेज!' एक मुलगी टेबलावर हात आपटून म्हणत होती. वर्षभर तिचा आवाज मी ऐकलेला नव्हता. वाक्याची रचना चुकली होती, पण ती एसटी नेहमी उशिरा येते हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं, आणि ते सांगितल्याशिवाय तिला राहवेना.

दुसरी एक रीत मी न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांच्या लिखाणातून घेतली. एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या जोडीदारांना सांगायची. पहिल्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. ऐकणाऱ्यानं फक्त ऐकायचं. मी एवढीच भर घातली की विषय घरचा हवा. तुमच्या घरी जे काम चालतं ते सांगा. माझी डाळिंबवाली तेव्हा नेट-सेटच्या तयारीसाठी कॉलेजच्या लायब्ररीत येत होती. तीही बसायला लागली. तिनं बहार कसा धरतात ते सांगायला घेतलं. पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, पानगळ करायची, मग छाटणी, मग खत आणि मग पहिलं पाणी. पहिल्या चार मिनिटांत ती बारा वेळा अडली. 'ताण देणे' याला शब्द सापडेना. माझ्याकडे बघितलं. मी सांगितला नाही. मला तिचं वाक्य हवं होतं. तिसऱ्या फेरीला, दोन मिनिटांत, ती म्हणाली, 'वुई मेक द ट्री थर्स्टी. देन द ट्री इज अफ्रेड. देन इट गिव्ह्ज फ्लॉवर्स.'

आम्ही झाडाला तहानवतो. मग झाड घाबरतं. मग फुलं देतं.

तिच्या मुलाखतीतल्या चार माणसांनी हे वाक्य ऐकायला हवं होतं. शास्त्राच्या पुस्तकात याला 'वॉटर स्ट्रेस' म्हणतात आणि तो शब्दही तिला मी नंतर दिला. तिनं तो वहीत लिहून घेतला. पण आधी तिचं झाड घाबरलं, मग वॉटर स्ट्रेस आला. हा क्रम उलटा करू नये असं मला आता ठामपणे वाटतं.

उच्चारांचं काम वेगळं, आणि त्यात मराठीची फार मदत होते. 'मिळवणे'चा गेट आणि 'दार'वाला गेट आमची मुलं सारखेच म्हणतात. 'विकणे'चा सेल आणि 'विक्री'चा सेल सारखाच. 'परीक्षा'वाली टेस्ट आणि 'चव'वाली टेस्ट सारखीच. का? कारण आपला 'ए' एकच आहे. बॅट आणि बॉलसाठी आपण देवनागरीत ॲ आणि ऑ ही चिन्हं करून घेतली, पण आखूड 'ए'साठी केलं नाही, म्हणून कानालाही तो वेगळा लागत नाही. एवढं सांगितलं की मुलं ऐकू लागतात. स्पेलिंग आणि उच्चार जुळत नाहीत म्हणून इंग्रजीला वेड्यात काढणाऱ्या एकाला मी फळ्यावर 'जग' लिहून वाचायला लावलं. त्यानं दुनियेचं 'जग' वाचलं. मी म्हटलं, आता 'शंभर वर्षं जग' यातलं वाच. तो चमकला. अक्षर तेच, ज मात्र दुसरा. हे तो बोलायला लागल्यापासून करतोय, त्याला कधी जड गेलं नाही.

आघाताचंही तसंच. मराठीत शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर दिला यानं फारसं बिघडत नाही, इंग्रजीत बिघडतं. 'बॉटनी' म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर, 'बोटॅनिकल' म्हणताना दुसऱ्यावर सरकतो. इंग्रजीत बोलणारा माणूस आपल्याला कळत नाही किंवा त्याला आपलं कळत नाही, त्यात व्याकरणापेक्षा याचा हात मोठा असतो. टाळ्या वाजवून शिकवते मी हे. एम.एस्सी.ची मुलंही टाळ्या वाजवतात.

एक गोष्ट मात्र कुठल्याच पुस्तकात सापडली नाही, मुलांनीच शिकवली. माझ्या लक्षात आलं की ही मुलं शिक्षकांशी इंग्रजी बोलताना 'यू' म्हणणं टाळतात. 'सर विल कम टुमॉरो?' असं सरांनाच विचारतात. आधी मला ती चूक वाटायची. एका मुलानं खुलासा केला, "मॅडम, सरांना यू कसं म्हणायचं? तू म्हटल्यासारखं वाटतंय." वडीलधाऱ्यांपुढे अहो-जाहो करत वाढलेल्या जिभेला तो शब्द धजत नव्हता. मग मी त्यांना सांगितलं, इंग्रजीत पूर्वी 'तू'साठी 'दाऊ' होता. तो रोजच्या बोलण्यातून गळून पडला आणि राहिला तो 'यू', जो मुळात अनेकवचनी, आदराचाच. म्हणजे इंग्रज आता सगळ्यांनाच 'तुम्ही' म्हणतात. वर्गातल्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. मुलाखतीत गप्प राहणारं मूल अज्ञानी असतंच असं नाही. पुष्कळदा ते फक्त संस्कारी असतं. मोठ्यांपुढे कमी बोलावं, उलट विचारू नये, डोळ्याला डोळा भिडवू नये, हे त्याला घरी शिकवलेलं असतं आणि ते चांगल्या हेतूनं शिकवलेलं असतं. मुलाखत घेणाऱ्याला हे माहीत हवं. आणि मुलाला हे माहीत हवं की 'कृपया प्रश्न पुन्हा सांगाल का' किंवा 'मला क्षणभर विचार करू द्या' असं म्हणणं इंग्रजीत सभ्यपणाचंच आहे. माझ्या डाळिंबवालीला ते कोणी सांगितलंच नव्हतं. तिला वाटलं होतं, प्रश्न एकदाच विचारला जातो.

ई-मेलचा विषय मोठा आहे, थोडक्यात सांगते. शाळेत शिकवलेला विनंती-अर्ज मुलं इंग्रजीत उतरवतात. वरील विषयास अनुसरून, नम्र विनंती, गरीब विद्यार्थी, आपला आज्ञाधारक. मुद्दा सातव्या ओळीत. अलीकडे फोनच मेल लिहून देतो, गुळगुळीत आणि बिनचूक. मी फोनला नाही म्हणत नाही. उच्चार शंभरदा ऐकायला, एकट्यानं बोलून बघायला, कोणी हसेल ही भीती न बाळगता चुकायला तो चांगला सोबती आहे, आणि रात्री नऊ वाजता वस्तीवरच्या मुलीजवळ दुसरं कोण असतं? पण मेल त्यानं लिहिला असेल तर मी मुलाला समोर बसवून विचारते, यातलं तुला नक्की काय म्हणायचं होतं, ते मला मराठीत सांग. बहुतेक वेळा मराठीतलं सांगणं मेलपेक्षा सरस असतं. मग तेच इंग्रजीत आणायचा आम्ही दोघं प्रयत्न करतो.

मदत कशी हवी, असं मला अधूनमधून बैठकांत विचारतात. मी एका कॉलेजात तीस हेडफोनांची भाषा-प्रयोगशाळा पाहिली आहे. कुलूप होतं, किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर होते. वर्षातून एकदा शहरातून टाय घातलेले प्रशिक्षक येतात, दोन दिवस व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर होतं, प्रमाणपत्रं वाटली जातात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमात भाषाकौशल्याला वेगळे श्रेयांक मिळाले, ते चांगलंच झालं. पण एकशेवीस मुलांच्या वर्गात आठवड्याला दोन तास असतील तर एका मुलाच्या वाट्याला बोलायला फार तर एक मिनिट येतं. हा साधा भागाकार आहे. मला खोली नको, यंत्र नको. मला पंधरा-पंधराचे गट हवेत. आणि त्याहून जास्त, मला बाकीच्या विषयांचे शिक्षक हवेत. बॉटनीचे सर प्रॅक्टिकलला प्रत्येक मुलाला दोन मिनिटं उभं करून 'तुला सूक्ष्मदर्शकात काय दिसतंय ते सांग' एवढं म्हणाले, इंग्रजीत सुरुवात कर, अडलास तर मराठीत पूर्ण कर असं म्हणाले, आणि ऐकत राहिले, तर तीन वर्षांत जे होईल ते माझ्या तासानं होणार नाही. आमच्या स्टाफरूममध्ये दोघांनी हे सुरू केलं आहे. एक फिजिक्सचे, एक कॉमर्सच्या. फिजिक्सचे सर म्हणाले, "पोरांना येतं हो. मीच कधी विचारलं नव्हतं."

डाळिंबवाली आता दुसऱ्या दोन ठिकाणी अर्ज करते आहे. निकाल काय लागेल माहीत नाही. मधल्या काळात ती माझ्या तासाला मदत करते. नव्या मुलांची पहिली चार मिनिटं तीच ऐकते, आणि मी पाहिलंय, ती वाक्य पुरं करून देत नाही.

येत्या मंगळवारी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा बोलणार आहे. त्याच्या वडिलांचं विहिरीवरच्या मोटरी रिवाइंडिंग करण्याचं दुकान आहे, तोही सुट्टीत तिथंच बसतो. जळालेली मोटर पुन्हा कशी भरतात ते तो इंग्रजीतून सांगणार. मला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. तांब्याची तार किती गेजची, वेढे किती, हे ठरवतात कसं? चुकले तर काय होतं? त्याला मी जुनी जळकी कॉइल आणायला सांगितली आहे आणि माझे प्रश्न वहीत लिहून ठेवलेत. अकरा झालेत आतापर्यंत.